भरपाईच्या दिवशीचा पुकारा

मी रत्नागिरीत एका वकिलांकडे टायपिस्ट होते, तेव्हा कोर्टात पुकारा करणारा एक शिपाई होता. नावाचं शेवटचं अक्षर तो असं लांबवायचा, की आवाराबाहेर चहा पिणारी माणसंही वळून बघायची. एरवी कुणाशी फारसा बोलत नसे.

बलात्काराच्या एका खटल्यात आंबा बागायतदाराच्या मुलाला शिक्षा झाली आणि दंडाच्या रकमेतून त्या पीडित मुलीला भरपाई द्यायचा हुकूम निघाला. ती पैसे घ्यायला आली त्या दिवशी शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केलाच नाही. व्हरांड्याच्या टोकाला ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्याजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "बाय, आत चल."

ती बाहेर आली तेव्हा मुलाचा काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिच्या बापाने जन्मात बघितले नसतील एवढे पैसे मिळाले. भलंच झालं की पोरीचं." दोघेतिघे वकील हसले. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

शिपाई पायरीवर आला. त्या मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि पुढे "बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला" असा त्याने तीनदा पुकारा केला. आवाराबाहेर चहा पिणारी माणसंही वळून बघू लागली. काका खाली मान घालून निघून गेला.

त्यानंतर शिपायाचं पुकाऱ्याचं काम काढून घेतलं आणि त्याला रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. मी हळहळले, तर तो माझ्यावरच भडकला.

"माझं सोडा. भरपाई म्हणतात ना त्या पैशांना? कोर्टाने पैसे दिलान. पण भरलान काय, ते सांगा."