उन्हाचा अभिमान, उजेडाचा हिशेब

मे महिन्यात गच्चीचं दार उघडलं, की सोलापूरचं ऊन आधी नाकाला लागतं. तापलेल्या सिमेंटचा, कडकडीत वाळलेल्या चादरींचा आणि जुन्या साडीवर पसरलेल्या कुरडयांचा मिळून एक खरपूस गंध येतो, आणि डोळे मिटूनही ओळखावं, की आपण आपल्याच गावात आहोत! बाहेरगावचे पाहुणे या उन्हाला नावं ठेवतात; आम्ही मात्र घरातल्या तापट पण कर्त्या माणसासारखं त्याला मिरवतो. पुण्याच्या नणंदेनं कपाळाला पदर लावत ‘काय गं बाई हे ऊन!’ म्हटलं, की मला आतून गुदगुल्याच होतात.

या उन्हानंच मला पोक्त वयात पुन्हा विद्यार्थिनी केलं. कॉमर्सची पदवी घेऊन मी लग्न केलं, मुलगी वाढवली, गल्लीतल्या पोरांना अकौंट्स शिकवलं. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि कळलं, की सौर प्रकल्पांना कर्ज देणारी एक कंपनी सोलापुरात शाखा काढते आहे. प्रकल्प पारखायला तिला माणूस हवा आहे. जन्मात एकदा तरी स्वतःची नोकरी करावी, ही माझी केवढी जुनी आस! ताळेबंद मला येत होता, पण वीज ठाऊक होती ती बटण दाबण्यापुरती. मग काय, पदर खोचला आणि बसले अभ्यासाला.

आणि काय सांगू तुम्हाला, किती अद्भुत विश्व ते! वीज ज्या क्षणी निर्माण होते, त्याच क्षणी ती कुणीतरी वापरावी लागते, हे वाचून मी थक्क झाले. म्हणजे तव्यावरून थेट ताटात! मग बॅटरी कोण? अहो, आमची कडक भाकरी की; आज करावी आणि डब्यात ठेवून सवडीनं खावी. आमचे हे मूळचे केम गावचे, इतकी वर्षं शहरात राहूनही बोली तीच. ‘आता भाकरीबी युनिटात मोजणार व्हय?’ म्हणून चिडवायचे. शेजारच्या पद्मक्का विणकर घरातल्या. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. ‘लाईट गेली की आमचे माग गप, तेवढं लिही की त्यात,’ असं त्या कुंपणावरून बजावायच्या. मी दोघांनाही हसायचे आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे.

मुलाखतीला येताना सोलापूरच्या एका काल्पनिक प्रकल्पाचा वर्षभराचा अंदाज मांडून आणायचा होता. मी तो मोठ्या प्रेमानं मांडला. ज्या महिन्यात ऊन कडक, त्या महिन्यात वीज जास्त. आलेखातला मे महिन्याचा खांब तर मी पार कागदाच्या टोकाला नेला! मुलाखत घेणाऱ्यांतल्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, मे एवढा उंच कसा? मी ताठ बसून म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही आमचं ऊन अजून बघितलं नाही की!’ सगळे खळखळून हसले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, की पॅनेलला उजेड हवा असतो. फार तापलं तर ते उलट मंदावतं.

गेली नोकरी! गावाच्या अभिमानापायी माझं गणित वरपासून खालपर्यंत चुकलं होतं.

पण त्या क्षणी मला माझं माहेर आठवलं. वडील सूत रंगवायचे. रंगवलेल्या लड्या आमच्याकडे कधी भर उन्हात टाकल्या नाहीत. छपराखाली उजेड आणि वारा पुरेसा असे, कारण उन्हाच्या कडाक्यानं रंग उडतो. उजेड वेगळा आणि आच वेगळी, हे बालपणभर डोळ्यांपुढे असून मी कसं विसरले? प्रखर ते सारं थोर, असं मानण्याची आपल्याला केवढी हौस! मी हे सगळं तिथंच बोलून टाकलं, पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःलाच हसत लाडक्या मे महिन्याचा खांब खाली आणला. थंडीतल्या निरभ्र दिवसांना थोडा मान दिला. खरं सांगते, मजा येत होती.

त्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. चूक कळल्यावर इतक्या आनंदानं खोडणारं माणूस आम्हाला हवंच आहे, असं म्हणून बाईंनी विचारलं, कधीपासून येऊ शकाल?

सण असो, सहल असो, शिकवणीची वेळ बदलायची असो, मी आजवर एकच उत्तर देत आले आहे: घरी विचारून सांगते. घरचे कुणी अडवत नाहीत हो. जिभेला वळणच तसं पडलेलं. तेच शब्द आताही ओठांपर्यंत आले. मी ते गिळले आणि म्हणाले,

‘उद्यापासून.’