सही झाली तेव्हा तिथे कोण होतं?

मृत्युपत्राच्या दाव्यात मुख्य माणूसच कोर्टात येऊ शकत नाही, ही मोठी अडचण! म्हणून सगळी भिस्त दोन साक्षीदारांवर. सही आपल्या डोळ्यांदेखत झाली, एवढंच त्यांनी सांगायचं. पण पुण्यातला माणूस एवढंच सांगून थांबतोय कुठला? माझ्यासारख्या वकिलाकडे मग किस्से साठत जातात.

*

शनिवार पेठेतले एक निवृत्त मास्तर माझे साक्षीदार होते. समोरच्या वकिलांनी आवाज चढवला, "सही तुमच्यासमोर झाली?"

"नाही."

मी फाइलमधून मान वर केली.

"मी शेजारी बसलो होतो," मास्तर म्हणाले. "समोर भिंत होती."

*

दुसऱ्या एका दाव्यात साक्षीदार होते मृत्युपत्र करणाऱ्या आजोबांचे डॉक्टर. "सही करताना आजोबा पूर्ण शुद्धीवर होते, कशावरून?"

"मृत्युपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या त्यांनी! नवीन प्रिंट आणेपर्यंत सही करेनात."

*

वारज्याच्या जमिनीचा दावा. पुतण्याचं म्हणणं, सही झाली तेव्हा साक्षीदार तिथे नव्हतेच. त्यांची सही नंतर घरी जाऊन घेतली. साक्षीदार म्हणजे मयताचे शेजारी, आप्पा.

"तुम्ही तिथे होता, याला पुरावा काय?" पुतण्याच्या वकिलांनी विचारलं.

"पेन माझं व्हतं की! सही झाली अन् ह्यो पुतण्या खिशाला लावून गेला. आत्ता बी त्याच्याच खिशाला हाय."

सगळ्यांनी वळून पाहायच्या आधी पुतण्याचा हात खिशावर गेला होता.

*

आणि एक सुहासचा दावा. आईने मृत्युपत्रात फ्लॅट त्याच्या बहिणीच्या नावे केला होता. सुहास राहायचा पुण्यातच. "मॅडम, ही आईची सही नाहीच," तो म्हणायचा. खरंच, नाव आणि आडनाव यांच्यात बोटभर अंतर होतं. उलटतपासणी माझ्याकडे. साक्षीला शेजारच्या काकू.

"नाव आणि आडनाव सलग लिहिलेलं नाही, बरोबर?"

"बरोबर."

मला वाटलं, केस खिशात!

"मग मध्ये काय झालं?"

"बेल वाजली," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, 'सुहास आला असेल, उघडा.' मी उघडलं. कुरिअरवाला होता."

काकूंनी माझ्यामागे बसलेल्या सुहासकडे पाहिलं.

"मग त्यांनी आडनाव लिहिलं."