पाच देश आणि एक डोंगर

भूल देणं हा माझा व्यवसाय. लंडनच्या कडेच्या एका रुग्णालयात मी वीसेक वर्षं माणसांना भूल देत होतो आणि देवाच्या कृपेने सगळी वेळेवर शुद्धीवर येत होती. पण त्या नोव्हेंबरात पिनरच्या घरी युरोपच्या व्हिसाचे फॉर्म भरताना भूल मलाच चढली असावी. 'प्रवेश किती वेळा?' असा एक रकाना होता. मी मनात म्हटलं, किती वेळा म्हणजे काय, सुट्टी तर एकदाच मिळाली आहे. आणि माझ्या, बायकोच्या आणि आईच्या, तिन्ही फॉर्मांवर 'सिंगल'पुढे ठसठशीत खूण केली. बरोबर उत्तर लिहिल्याच्या समाधानात वर चहाही मागितला.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. आई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आमच्याकडे आली होती. केदारनाथला जायचं तिचं तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. त्यातलं एकदा माझ्या परीक्षेमुळे. आल्या आल्या ती म्हणाली, "मला एक बर्फाचा डोंगर दाखव. जिथे बर्फ तिथे महादेव, त्याला काय देशाचं बंधन आहे?" मी हसून पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत होतो, तेवढ्यात तिचे डोळे तपासणारा माझा मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "पडद्याचा मधलाच भाग चाललाय रे. जे दाखवायचं ते या हिवाळ्यात दाखव."

मागणी एवढीच होती. त्याचा मी काय पसारा केला ते ऐका. डोव्हरहून बोटीने फ्रान्स, तिथून स्वित्झर्लंड, मग ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम, आणि परत. दोन महिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, घरातले सगळे किचनमध्ये उभ्याने जेवताहेत. चाकांच्या बर्फसाखळ्या आणल्या. मंडळाच्या दिवाळीत मी निदान अकरा जणांना सांगितलं, "पाच देश करतोय, गाडीने." आईच्या डोंगराचा उल्लेख त्यात कितीदा केला, ते आठवत नाही म्हणजे केला नसावा.

निघायला आठ दिवस उरले असताना पासपोर्ट आले. बायकोने चष्मा लावून व्हिसा वाचला. "अहो, इथे 'एक' लिहिलंय. एक म्हणजे काय?"

एक म्हणजे काय ते माझ्या डोक्यात हळूहळू उतरलं. स्वित्झर्लंड तेव्हा बाकी चार देशांच्या सामाईक व्हिसाच्या बाहेर होतं. तिथला वेगळा व्हिसा मी हुशारीने आधीच काढला होता. पण एकदा फ्रान्समधून तिकडे शिरलो की आमचा एकुलता एक प्रवेश संपणार. पुढे ऑस्ट्रिया बंद, मागे फ्रान्सही बंद. दोन्हीकडून कड्या लावलेल्या खोलीत मी म्हाताऱ्या आईला घेऊन जाणार होतो.

मी असा चिडलो की बोलायची सोय नाही. फॉर्म छापणाऱ्यांवर चिडलो, सरहद्दी आखणाऱ्यांवर चिडलो, बायकोने वेळेवर चष्मा का लावला नाही म्हणून तिच्यावर चिडलो. आमची मुलगी इथेच जन्मलेली, तिचा पासपोर्ट इथला. ती म्हणाली, "बाबा, तू खूप चिडली आहे. माझी पासपोर्टला काही नाही लागत. मी नेतो आजीला."

"आधी मराठी शीक," मी तिच्यावर ओरडलो.

आई शांतपणे म्हणाली, "आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. परत यायचं धरूनच पाऊल टाकायचं. आणि तू सरकारला एकदाच जातो म्हणून लिहून दिलंस?" सगळे हसले. मला तेही सहन झालं नाही. देवघरासमोर उभा राहून मी महादेवाला नको ते बोललो. म्हणालो, "जन्मभर हिने सोमवार केले. तुला एक डोंगर दाखवता येत नाही? मग बसलायस कशाला तिथे?" हे लिहिताना आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वकिलातीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की बदल करायचा तर नवा अर्ज, आणि भेटीची वेळ तीन आठवड्यांनी. तोवर माझी सुट्टी संपणार होती. मी आवाज चढवला. मी डॉक्टर आहे, माझी आई आंधळी होते आहे, तिला स्वित्झर्लंडला नेऊन परत आणायचं आहे, असं सगळं हॉल ऐकेल एवढ्याने सांगितलं. मग दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने, साठीच्या एका जाड्या गोऱ्या गृहस्थाने, मला कोपराला धरून बाहेर काढलं. बाहेर पडता पडता मी त्यालाही चार शब्द सुनावले. पायऱ्यांवर बसलो.

दहा मिनिटांनी तोच माणूस चहाचे दोन कागदी पेले घेऊन शेजारी येऊन बसला. "आईला काय दाखवायचंय, डॉक्टर?" त्याने विचारलं.

"बर्फाचा डोंगर."

"मग स्वित्झर्लंड कशाला? मी सतरा हिवाळे बर्फावर खेळणाऱ्यांच्या बसेस चालवल्या. सगळ्यांत उंच डोंगराच्या पायथ्याशी जायला फ्रान्सची हद्दसुद्धा ओलांडावी लागत नाही. बोटीतून उतरायचं, सरळ जायचं. नावच त्याचं 'पांढरा डोंगर'. एकच प्रवेश पुरतो."

दोन महिने नकाशावर पालथा पडलो होतो. त्या डोंगरावरून माझी पेन्सिल अनेकदा गेली होती. पण तिथे थांबलं तर देश एकच होत होता, म्हणून ती थांबली नव्हती. हे मला त्या पायरीवर समजलं, आणि इतका वेळ जगावर काढलेला राग एकदम घरी परत आला.

पोथ्यांमध्ये देव काम झालं की अंतर्धान पावतो. हा काही पावेना. त्याने अर्धा तास स्वतःच्या गुडघ्यांची कहाणी सांगितली, ऑपरेशनच्या वेळी पाठीतलं इंजेक्शन फार दुखतं का ते विचारलं. मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. एवढी सेवा माझ्या हातून घडली.

आम्ही गेलो. दोन दिवस त्या खोऱ्यात ढग हलेनात. मी पुन्हा चिडलो, हॉटेलवाल्यावर, जणू ढग त्यानेच मागवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आई शाल घेऊन अंगणात उभी होती आणि समोर पांढरंशुभ्र आभाळापर्यंत उभं होतं. ती मात्र मान वळवून भलतीकडेच तोंड करून हात जोडत होती.

"आई, डोंगर इकडे आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला. समोर बघितलं की तो जातो. तिरकं बघितलं की येतो."

तिच्या नजरेतली मधली जागा रिकामी झाली होती. कडेला जे उरलं होतं त्यात तिने महादेवाला बसवलं होतं. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. तो चमत्कार होता की एका बसवाल्याची माहिती, हे मी कधी ठरवायला गेलो नाही. मी हट्टाने धरलेलं सुटलं, तेव्हा तिला हवं होतं ते मिळालं, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या माणसाला आणि त्याच्या गुडघ्यांना माझा अजून नमस्कार असतो.

परतताना बोटीवर मी बायकोला विचारलं, "तूही हात जोडले होतेस. काय मागितलंस?"

ती म्हणाली, "काही नाही. तुम्ही दहा मिनिटं गप्प उभे होतात. आणखी काय मागायचं?"