भाच्याचं ट्रेनिंग

दोष आमच्या आण्णांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी दुष्काळाचं किंवा माझ्या नशिबाचं नाव काढायला नको. आण्णा म्हणजे माझे वडील. गावात त्यांच्या शब्दाला वजन, घरात तर विचारूच नका. एका उन्हाळ्यात या माणसानं इतके किस्से करून ठेवलेत, की शेवगावच्या स्टँडवर मित्र मला स्वतःच्या पैशानं चहा पाजून ते सांगायला लावतात. एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा येतोच. ते हसतात. मी अजून हसत नाही.

*

मी नगरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. उन्हाळ्यात सहा आठवडे ट्रेनिंग करायचं, रोजची डायरी लिहायची. त्याशिवाय तिसऱ्या वर्षात घेत नसत. पुण्याच्या एका इंजिन कंपनीचे साहेब कॉलेजात मुलाखती घेऊन गेले होते. निवड झाली तर घरी पत्र येणार होतं. दुसरीकडे माझा मामा एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर होता.

मी घरी पुण्याचं नाव काढलं. आण्णा म्हणाले, "तिथं आपलं कोन हाय?"

"कुणी नाही. कंपनी आहे."

"मंग शिकवील कोन? आपल्याला आपला मानूसच शिकवतो."

आईचा मुद्दा आणखी भारी. "तिकडं डिझेल, हात काळे व्हत्यात. हिकडं साखर हाय. पांढरी."

दोन वर्षं मेकॅनिकलला शिकवलेल्या पोराचे हात काळे होऊ नयेत, अशी तिची इच्छा.

*

माझ्याच वर्गातला रशीद. त्याचे अब्बा शेवगावात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. रशीदला पुण्याचं पत्र आलं. अब्बांनी आपली पान्यांची पिशवी त्याच्या हातात दिली. म्हणाले, "घरची आठवन आली तर एखादा नट आवळ."

माझं पत्र आलंच नाही. रशीद म्हणाला, "यील रे. मुलाखतीत तू माझ्यापेक्षा बरा बोलला." मला खात्री झाली, माझ्या इंग्रजीनं घात केला. दोन महिने मी त्या इंग्रजीला शिव्या घातल्या.

आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. देवाच्या मनात न्हवतं."

*

गेलो कारखान्यात. त्र्याहत्तरचा उन्हाळा. ऊस उभ्या उभ्या वाळलेला, गाळप कधीच बंद पडलेलं. दुरुस्तीसाठी सगळी मशिनरी उघडून ठेवली होती. शिकणाऱ्याला याहून आणखी काय पाहिजे? मी बाह्या वर केल्या आणि पाना उचलला. मामा स्टोअरमधून पळत आला.

"ठेव. खाली ठेव तो."

"मामा, मी शिकायला आलोय."

"भाचा हायेस तू माझा. एक भाचा जेवू घातला तर शंभर बामनांचं पुन्य लागतं. तुला कामाला लावून ते पाप मी कुटं फेडू?"

मला वाटलं, फोरमन तरी याला वेड्यात काढील. पन्नाशीचा माणूस. तो पुढं आला आणि माझ्या पाया पडला. "मामांचा भाचा त्यो आमचाबी भाचा."

मला लिंबाखाली स्टूल मिळालं. निम्मा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता आणि मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. एकदा गुपचूप पंपाच्या झाकणाला हात लावला. फिटरनं कापड आणून माझी बोटं पुसली. एकेक.

*

डायरीत मी रागानं खरं खरं लिहिलं. "सोमवार : चहा, दोनदा. मंगळवार : बॉयलर लांबून पाहिला. बुधवार : फोरमनच्या घरून पुरणपोळी आली." मामानं एक अक्षर न वाचता पानोपानी सही-शिक्के मिळवून दिले.

कॉलेजात सरांनी चार पानं वाचली आणि डायरी मिटली. "हे ट्रेनिंग धरता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करा." म्हणजे वर्ष गेलं.

आण्णा मलाच म्हणाले, "खरं लिवायची काय गरज हुती?"

लहानपणी एकदा खोटं बोललो म्हणून याच माणसानं मला दिवसभर गोठ्यात बांधून ठेवलं होतं.

*

मी एस.टी.नं पुणं गाठलं. म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यासाठी त्या कंपनीच्या साहेबांचे पाय धरू. साहेबांनी मला लगेच ओळखलं.

"तुम्ही? अहो, पण तुमच्याकडूनच नकार आला ना?"

त्यांनी फाईल काढली. माझ्या निवडीचं पत्र घरी गेलं होतं, त्याची प्रत त्यात होती. मागं एक पोस्टकार्ड लावलेलं. अक्षर आण्णांचं.

"सा. न. वि. वि. आपण आमच्या चिरंजीवास पसंत केले, याबद्दल आभारी आहोत. आपले स्थळ उत्तम आहे. परंतु योग दिसत नाही. राग नसावा. आपणांस याहून चांगला मुलगा मिळो."

मी ते तिथंच उभ्यानं तीनदा वाचलं.

साहेब म्हणाले, "कंपनीला इतकं नम्र पत्र आजवर कुणी लिहिलं नव्हतं. म्हणून जपून ठेवलंय."

"साहेब, पुढच्या उन्हाळ्यात मला घ्याल?"

"एकदा घरच्या वडीलधाऱ्यांनी नाही म्हटल्यावर आम्ही पुन्हा कसं विचारायचं?"

त्याच दिवशी परतलो. आण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. पोस्टकार्डाचं विचारलं, तरी अडकित्ता थांबला नाही.

"मंग? काय वाईट लिवलं? पोरीच्या बापालाबी मी ह्येच लिवतो."

दुसरी कंपनी शोधली असती, तर तिलाही आण्णांचं कार्ड गेलं असतं. मी पुन्हा कॉलेजात गेलो नाही. रशीद त्या कंपनीत कायम झाला. माझा डिप्लोमा दोन वर्षांवर थांबला.