खोडलेल्या एक्केचाळीस

प्रसूतिगृहात सगळे तिला फोनबाई म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर, औषधांच्या रिकाम्या खोक्यांनी अर्ध्या भरलेल्या खोलीत तिचं टेबल होतं. ज्या बायकांना पहिल्या तीन महिन्यांत रक्तस्राव झाला, त्यांना मोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासासाठी दिवस भरल्यावर फोन करून विचारायचं, की बाळ कितव्या महिन्यात झालं, वजन किती, आहे का. 'आहे का' हे कागदावर फार सभ्य शब्दांत छापलेलं होतं. फोनबाई ते तसं विचारायचीच नाही. "बाळ काय म्हणतंय?" एवढंच म्हणायची आणि पलीकडच्या श्वासावरून काय ते ओळखायची.

नियम असा, की सकाळी अकराला फोन करायचा, तीन वेळा. तिन्ही वेळा उत्तर मिळालं नाही तर लाल पेनानं नाव खोडायचं. अकरा वाजता कुठली बाई मोकळी असते, हे नियम करणाऱ्याला त्याच्या घरी कुणी सांगितलं नसावं. शिवाय केसपेपरवरचा नंबर बहुधा नवऱ्याचा. बाळ धडधाकट असलं की हा नवरा वजन ग्रॅमपर्यंत सांगणार, जसं काही नऊ महिने यानंच वाहिलं. गेलं असलं की तोच माणूस "राँग नंबर" म्हणून ठेवून देणार. एका सासूनं तर, आमच्याकडे असं काही झालंच नाही, असं खुशाल सांगितलं. तिच्या मागे कुणीतरी रडत होतं, ते फोनमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं. त्या दिवशी फोनबाईला जेवण गेलं नाही.

दोन वर्षांत एकशे चाळीस बायका झाल्या, त्यातल्या एक्केचाळीस खोडल्या. न सापडणाऱ्यांतच गेलेली बाळं जास्त असणार, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तिनं मोठ्या डॉक्टरांना ते सांगितलं, संध्याकाळी फोन करू का म्हणून विचारलं. ते हात धूत होते. मान न वळवता म्हणाले, "बाई, ज्या सापडत नाहीत त्या आपल्या अभ्यासात नाहीत."

आणि मग खाली, बायका रांगेत बसतात त्या भिंतीवर, पहिल्या वर्षी सापडलेल्यांच्या आकड्यांवरून लावलेला तो फलक. गुबगुबीत बाळाचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'रक्तस्राव झाला तरी शंभरात पंच्याण्णव बाळं सुखरूप'. फोनबाई येता-जाता मान दुसरीकडे वळवायची. शिसारी यायची तिला त्या फोटोची, डॉक्टरांच्या स्वच्छ हातांची, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. कारण खोडायचं काम तिनंच केलं होतं, तेही नीटनेटकं, आणि डॉक्टरांच्या त्या उत्तरानंतर मूग गिळून बसली होती.

मग तिच्या सुनेलाच नवव्या आठवड्यात रक्त गेलं. सून बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. फोनबाईनं तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत बाळाचे ठोके चांगले लागले. डॉक्टरांनी फलकाकडे बोट केलं, थोडंफार जातंच, घाबरायचं नाही, म्हणाले, आणि दोन महिन्यांनी यायला सांगितलं. दोन दिवसांनी सून पहिल्यांदा हसली. परत रक्त गेलं तर ही आता मुकाट्यानं घरी बसणार, आणि तेही माझ्या आकड्याच्या भरवशावर, हे फोनबाईला दिसत होतं.

तरी सांगायला तिनं चार दिवस लावले. शेवटी संध्याकाळी भाजी निवडता निवडता सगळं सांगून टाकलं.

सून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "मग खरा आकडा किती, आई?"

"माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही?"

भाजी तशीच टाकून फोनबाई उठली. पिशवीतून वही काढली आणि स्वयंपाकघरातच, सुनेसमोर, खोडलेल्या नावांना फोन लावायला बसली. पहिले दोन बंद होते. तिसरीकडे मुलगा झाला होता, बरा होता. चौथा फोन बाईनं स्वतः उचलला. बाळ काय म्हणतंय, हे फोनबाईच्या तोंडून या वेळी निघालंच नाही. बाळाबद्दल विचारायचं होतं, एवढंच ती म्हणाली.

"मुलगी झाली," बाई म्हणाली. "सातव्या महिन्यात. नऊशे ग्रॅम. नऊ दिवस होती."

फोनबाईनं लिहून घेतलं. आधी काही त्रास झाला होता का, हा पुढचा प्रश्न होता.

"पाचव्या महिन्यात परत गेलं होतं की. आठवडाभर जात होतं. पण तुमच्या भिंतीवर लिहिलंय ना, काही होत नाही म्हणून. मी आलेच नाही."

हिनं तो फलक वाचला, त्यावर विश्वास ठेवला, आणि मुलगी गेल्यावर आपण हिलाच खोडलं, म्हणजे फलक तसाच राहायला मोकळा. आवाज स्पीकरवर होता. फोनबाईनं मान वर केली तर सून ओट्याला धरून उभी होती.

"आई," ती म्हणाली, "मला सकाळपासून परत जातंय. मी बोलले नव्हते."