रविवारी न पडलेला पाऊस

कृषी संशोधन केंद्राच्या मागच्या खोलीत काकूंचं टेबल होतं. पावसाच्या चाळीस वर्षांच्या वह्या संगणकात भरायच्या, एवढंच त्यांचं काम. रोज सकाळी आठला मोजलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. काकू आधी विमा कचेरीत टायपिस्ट होत्या. त्यामुळे कंटाळा येणं त्यांनी पहिल्याच वर्षी उरकून घेतलं होतं.

शेवटची वही भरून झाली तशा त्या हवामान विभागाच्या मॅडमकडे गेल्या.

"मॅडम, आपल्याकडे रविवारी पाऊस पडत नाही."

"कधीपासून?"

"शेवटची अकरा वर्षं."

मॅडम हसल्या. मग त्यांनी आकडे पाहिले आणि हसू आवरलं. रविवारी शून्य, सोमवारी दणदणीत. मुसळधार पावसाचे दिवस वाढत चालल्याचा त्यांचा आलेख तयार होता. महिन्याभराने शेतकऱ्यांच्या मेळाव्यात तो दाखवायचा होता.

त्या अकरा वर्षांच्या वह्यांवर एकाच निरीक्षकांची सही होती. ते आता निवृत्त झाले होते. दोघी त्यांच्या घरी गेल्या. वहीबद्दल विचारायला कोणी आलंय म्हटल्यावर ते आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"रविवारी तुम्ही पाऊस मोजत नव्हता का?" काकूंनी विचारलं.

"मोजत होतो ना. सोमवारी."

त्यांच्या बायकोने चहा ठेवला. "सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, दिरांकडे. दर शनिवारी हे तिकडे जायचे."

"पाऊस साठायचं भांडं मोठं होतं," निरीक्षक म्हणाले. "थेंब सांडू दिला नाही. साहेब विचारतील म्हणून उत्तरही पाठ केलं होतं. कोणी विचारलंच नाही."

"काय होतं उत्तर?"

"विसरलो."

मग त्यांनी स्वतःच कागद मागून घेतला, सगळं खरं लिहून दिलं आणि खाली सही केली. दोघींना सोडायला ते फाटकापर्यंत आले.

मॅडमनी ते सगळे सोमवार दोन दिवसांचे धरून पुन्हा हिशेब मांडला. मुसळधार पावसाची वाढ निम्म्यावर आली. पेरणीनंतर पडणारी उघडीप मात्र तशीच राहिली: पूर्वी आठ-नऊ दिवसांची, आता अठरा दिवसांची. पहिल्या सरींवर पेरलेलं बी तेवढ्यात करपत होतं.

मेळाव्यात मॅडमनी या उघडिपीचाच आलेख दाखवला. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले.

"हे आम्हाला माहीतच आहे."

"कधीपासून होतंय, आजोबा?"

त्यावर मांडवात वाद सुरू झाला. कोणी पाच वर्षं म्हणालं, कोणी तीस.

"एकोणीस," मागून काकू म्हणाल्या.

आजोबांनी वळून पाहिलं. "तुमची शेती कुठंय?"

"शेती नाही. मी टाइप करते."

त्या वर्षी बऱ्याच जणांनी पेरणी दोन आठवडे लांबवली. आजोबांनी निम्मं शेत आधी पेरलं, निम्मं नंतर. आधीच्या निम्म्यात त्यांना दुबार पेरणी करावी लागली. तसं त्यांनी केंद्रात येऊन काकूंना सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं.