साध्य : नऊ

सरकारी नोकरीत राहून स्वतःचं नुकसान करून घ्यायला फार कष्ट पडतात, आणि ते कष्ट मनापासून घेणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात मी एकच पाहिला. दुर्दैवानं तो माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दुर्दैव एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण ते आमच्याच तालुक्यात कृषी सहायक आणि मी त्याच हापिसात आस्थापनेचा बाबू. म्हणजे त्यांनी करायचं आणि दोन्ही घरांच्या शिव्या मी खायच्या, अशी वाटणी.

खरं बोलणारी माणसं जगात असतात, पण विचारल्यावर बोलतात. साडूभाऊंना तेवढाही धीर नसे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा घरचे मोठे जावई म्हणून ते शेजारी बसले होते. माझ्या वडिलांना त्यांनी आपण होऊन सांगितलं, ‘‘पोरगी लाखात एक हाय मामा. भाजीत मीठ तेवढं जास्त पडते.’’ लग्न झालं. मीठ अजून पडतं. पण बायकोनं त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही, आणि जेवताना मी पाणी जास्त प्यालो तरी तिला त्यांचीच आठवण येते.

पहिली काही वर्षं हापिसात तसं निभून गेलं. वर्षाकाठी प्रत्येकानं स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरायचा आणि साहेबांनी त्यावर गोपनीय अहवाल लिहायचा, हा नियम. मागच्या सालचा फॉर्म उतरवून तारीख बदलायची, शेरा मी लिहायचा आणि साहेबांनी खाली सही ठोकायची, ही रीत. मग वरून नव्या पद्धतीचं वारं आलं. कामगिरी बघून वेतनवाढ, मोजता येईल असं उद्दिष्ट, वगैरे. अमरावतीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आम्ही सगळे जेवण कसं आहे ते बघायला गेलो होतो. साडूभाऊ पहिल्या रांगेत, वही घेऊन. पुण्याच्या पाहुण्यांना त्यांनी उभं राहून विचारलं, ‘‘साहेब, शेतकऱ्याची भेट नेमकी कोणत्या भेटीले म्हनाचं?’’ त्या भल्या माणसानं उत्तर दिलं, ‘‘जिचा परिणाम दिसला ती.’’

झालं! आमच्या घराला आग लावून तो गृहस्थ पुण्याला निघून गेला.

त्या सालापासून साडूभाऊंच्या फॉर्मवर असायचं : उद्दिष्ट, दोनशे चाळीस भेटी. साध्य, नऊ. फिरायचे मात्र चारशे वेळा. ऊन असो, पाऊस असो, खटारा मोटारसायकल घेऊन हा माणूस बांधावर. एकदा अकोटच्या बसस्टँडवर हिवरखेडचे भाजीवाले बागवान चाचा भेटले. त्यांनी साडूभाऊंचा हातच धरला. ‘‘साब, आप बोले थे गोबी पे दवाई मत मारो. नहीं मारी. अल्ला कसम, माल एक नंबर निकला!’’ मी आनंदानं म्हणालो, ‘‘साडूभाऊ, ही धरा दहावी!’’ तर म्हणतात, ‘‘थांब बावा. त्या आठवड्यात पानी जोराचं पडलं, म्हून आळी गेली. माह्यामुळे नाही गेली.’’ आता अशा माणसाचं काय करावं, तुम्हीच सांगा.

आणि काळ कोणता, तर कपाशीवर लाल्या रोग पडलेला, मुंबई-दिल्लीची पाहणी पथकं गाड्या घेऊन गावोगाव फिरताहेत. आमच्या तालुक्याची कागदावरची सगळी उद्दिष्टं शंभर टक्के साध्य आणि तालुका मात्र दर हंगामाला आणखी खाली. ह्या सगळ्या शंभर टक्क्यांत एकटे आमचे साडू नवावर.

चोवीस वर्षं एकाच पदावर घासलेल्या माणसाला वरची वेतनश्रेणी मिळते. अट एवढीच, की शेवटचे अहवाल ‘चांगले’ हवेत. साडूभाऊंची निवृत्ती वर्षावर आली होती आणि सगळं ह्या सालच्या एका अहवालावर अडलं होतं. ही श्रेणी हुकली तर पेन्शनही कायमची खालच्या पगारावर. माझी बायको म्हणाली, ‘‘माह्या बहिणीच्या घराचं तुमच्या हापिसात मातेरं होऊन राहिलं, अन् तुमी नुसते पाहून राहिले!’’ तेव्हा मीच त्यांचा फॉर्म भरला. मोत्यासारख्या अक्षरात भेटी लिहिल्या, दोनशे अडतीस. दोन कमी ठेवल्या, खरं वाटावं म्हणून. सहीला घरी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, ‘‘अक्षर लय सुंदर हाय बावा तुह्यं.’’ मग पट्टी मागवली, दोनशे अडतीसवर सरळ रेघ मारली, वर ‘नऊ’ लिहिलं आणि खाडाखोडीला नियमाप्रमाणे बाजूला छोटी सही केली.

साहेब वाईट नव्हते. नवाच्या बाजूची ती छोटी सही त्यांनी नीट निरखली. म्हणाले, ‘‘माणूस स्वतःच नऊ म्हणतो. ह्यावर ‘चांगला’ लिहिलं तर उद्या मला विचारतील.’’ आणि त्यांनी ‘साधारण’ लिहिलं. श्रेणी नामंजूर झाली.

ते पत्र घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. साडूभाऊ दिवाणावर पाठ टेकून बसले होते. पत्र त्यांच्या बायकोनं, ताईनंच वाचलं, दोनदा वाचलं. मला वाटलं, आता पेन्शनचं विचारील, रडेल, माझ्यावर तरी ओरडेल. तिनं पदरानं हात पुसले आणि हळूच विचारलं, ‘‘भाऊजी, तुमी तं त्याच हापिसात हा. खरं सांगा, यायनं काम नाही केलं काय? इतकी वर्षं पाह्यटी उठून मी डबा बांधून देत आली. मंग कुठी जाऊन बसत होते हे?’’

मी तोंड उघडायच्या आत दिवाणावरून साडूभाऊच बोलले. ‘‘केलं व. पन पुरलं नाही.’’

तीस जणांच्या फॉर्मवर ‘उत्कृष्ट’, ‘अत्यंत समाधानकारक’, ‘प्रशंसनीय’ असं सालोसाल लिहीत आलेला मी. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती, मी तिच्या हातून पत्र घेतलं आणि त्यातल्या ‘साधारण’ ह्या शब्दावर अंगठा ठेवला.